दोन सह्यांची वही

सरकारी शाळेचा मुख्याध्यापक बदलून दुसऱ्या गावी जावयास निघाला म्हणजे त्याला जडवस्तुसंग्रहाची नोंदवही उघडावी लागते. तीतील खुर्च्या, मेजे, नकाशे, घंटा, तराजू, कपाटे आणि त्यांच्या किल्ल्या एकेक करून नव्या माणसाच्या स्वाधीन कराव्या लागतात, आणि देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोन सह्या पानावर पडल्यावाचून त्याची सुटका होत नाही. ही शिस्त योग्यच आहे, कारण सार्वजनिक मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जर कोठे गहाळ होत असेल, तर ती त्या देवघेवीच्या क्षणीच होते. परंतु तीन वर्षे अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून गाणी, गोष्टी, रंग आणि आकडे शिकलेले लेकरू ज्या दिवशी तो उंबरठा सोडून शाळेच्या ओसरीवर येते, त्या दिवशी त्याच्याबरोबर कोणता कागद येतो? जन्माचा दाखला येतो, आधार क्रमांक येतो, मध्य प्रदेशात समग्र हा राज्याच्या कुटुंबनोंदणीचा क्रमांक येतो. पण ते घरी कोणती भाषा बोलते, त्याला किती गाणी पाठ आहेत, त्याच्या कानाडोळ्यांची तपासणी झाली होती की नाही, आणि कोणत्या गोष्टीने ते खुलते व कोणत्या गोष्टीने मिटते, याविषयी एका ओळीचीही नोंद सहसा येत नाही. खुर्चीची पावती होते. लेकराची होत नाही.

प्रस्तुत लेख त्या न लिहिल्या गेलेल्या ओळीविषयी आहे, आणि तो अंगणवाडीच्या कार्यकर्त्या, पहिली-दुसरीचे शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद, तालुक्याच्या कचेरीत बसणारे अधिकारी आणि सर्वांआधी घरची माणसे यांना उद्देशून लिहिला आहे. बालशिक्षण आणि साक्षरता यांच्यासाठी शासनाच्या निरनिराळ्या यंत्रणांनी एकमेकींशी सहकार्य करावे, हे वचन आपण परिपत्रकांतून वारंवार वाचतो, आणि ते राजधानीतल्या बैठकांचे काम आहे असे समजून पान उलटतो. माझे म्हणणे असे आहे की, सहकार्याची खरी जागा राजधानीत नसून, लेकरू एका खात्याच्या हातून दुसऱ्या खात्याच्या हाती जाते त्या सांध्यावर आहे; आणि तो सांधा गावातल्या माणसांनी लिहून ठेवला, त्यावर दोघांनी सह्या केल्या, तर वरच्या यंत्रणांचे निम्मे काम आपोआप मार्गी लागते.

सावरगावचे चार सांधे

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या, जत्रेमुळे ही दोन्ही नावे दूरवर ठाऊक झाली आहेत; परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत येथील लहान मुलांच्या वाट्याला जी गुंतागुंत येते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख मध्य प्रदेशात असला, तरी येथे घराघरांत मराठी बोलली जाते आणि तिचे वळण वऱ्हाडी-नागपुरी आहे. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि सोयरिकी या सर्वांचे धागे सीमेपलीकडच्या नरखेड, काटोल, वरूड या तालुक्यांशी गुंफलेले आहेत. शाळेच्या दप्तराची, कचेरीची आणि पाठ्यपुस्तकांची मुख्य भाषा मात्र हिंदी आहे. त्यात २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवरचे प्रशासनच येथे अद्याप नवे आहे. आणि नव्या कचेरीत चांगली वहिवाट घालून देणे हे जुन्या कचेरीतील वाईट वहिवाट मोडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

अशा ठिकाणचे लेकरू वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत चार सांधे ओलांडते. घरातून ते अंगणवाडीत येते. अंगणवाडीतून शाळेत जाते. घरच्या मराठीतून पुस्तकाच्या हिंदीत शिरते. आणि पुष्कळदा, आईच्या माहेरामुळे किंवा वडिलांच्या मजुरीमुळे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन परत येते. पहिल्या दोन सांध्यांवर महिला व बाल विकास विभाग, आरोग्य विभाग आणि शिक्षण विभाग यांची गाठ पडते. तिसऱ्यावर राज्याची भाषा आणि घराची भाषा समोरासमोर येतात. चौथ्यावर भोपाळ आणि मुंबई-पुणे यांची दोन स्वतंत्र राज्ययंत्रे एकमेकांना पाठमोरी उभी असतात. लेकराला यातील कोणतेही खाते ठाऊक नाही. त्याला फक्त एवढेच कळते की, काल आपले म्हणणे लोकांना समजत होते आणि आज समजत नाही.

एके काळी एकच कचेरी

ही पाठमोरी स्थिती अनादिकालापासून चालत आलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छिंदवाडा आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती, आणि सौंसरच्या शाळेचा व काटोलच्या शाळेचा कागद एकाच शिक्षणखात्याच्या टेबलावर येत असे. राज्यपुनर्रचनेने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ मराठी जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. लोक, बाजार आणि नाती जागच्या जागी राहिली. दप्तरे मात्र वेगळी झाली.

याच प्रदेशाने बालशिक्षणाच्या विचाराला मोठा हातभार लावलेला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिकविण्याची, योजना पुढे आली आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् यांनी तिचा प्रयोग केला, त्यात शाळेच्या वयापूर्वीच्या मुलांचाही विचार होता. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. जी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली पाहिजे, हा त्यांचा अनुभवसिद्ध निष्कर्ष होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. परंतु त्या योजनेत आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी अशा सहा सेवा एकत्र आल्या, आणि त्यांतील पूर्वशालेय शिक्षण ही सेवा, वजनकाटा व आहाराची नोंद यांच्या ओझ्याखाली, पुष्कळ ठिकाणी मागे पडली. शिवाय अंगणवाडी एका विभागाकडे आणि शाळा दुसऱ्या विभागाकडे अशी जी वाटणी झाली ती कायमची. आपला दुसरा सांधा निखळला तो येथे.

आपल्या हाती काय आहे

सहकार्याची मागणी करणाऱ्याने प्रथम आपल्या हातातील कलमे ओळखावीत, म्हणजे याचना करण्याचे कारण उरत नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, प्रत्येक राज्यावर आणि स्थानिक संस्थेवर असे दायित्व घातले आहे की, भाषिक अल्पसंख्याक समाजातील मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न व्हावा. त्याच्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी एकत्र बसून ठरविले होते की, शाळेत एका भाषेची निदान ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असली, तर त्या भाषेत शिकविणारा निदान एक शिक्षक दिला जावा. हा निव्वळ ठराव नव्हता. निरनिराळ्या प्रांतांच्या शिक्षणयंत्रणांनी लहान मुलांसाठी एकत्र येऊन मोजता येईल असे एक माप ठरविले, असे ते उदाहरण आहे. चाळीस आणि दहा हे आकडे प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने पाठ करून ठेवावेत.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने त्यात भर घातली आहे. शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे त्यात म्हटले आहे. जन्माचा दाखला नाही एवढ्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, राज्याबाहेरसुद्धा, जाण्याचा हक्क आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नवा प्रवेश अडवून ठेवता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांच्यामधील भिंत निदान तत्त्वतः काढून टाकली. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या मोहिमेने २०२६-२७ पर्यंत तिसरी पुरी करणारे प्रत्येक मूल समजून वाचणारे व मूलभूत गणित जाणणारे असावे, असे ध्येय ठेवले. मध्य प्रदेशात तेच काम राज्य शिक्षा केंद्राकडून मिशन अंकुर या नावाने चालते आणि महाराष्ट्रात निपुण महाराष्ट्र या नावाने. दोन्ही राज्यांचे ध्येय एक, मुदत एक, मोजमाप एक आणि लिपीही एक. मग सीमेवरच्या शाळांनी तरी एकमेकींकडे पाहावयास काय हरकत आहे?

पहिला सांधा : घर आणि अंगणवाडी

या सांध्यावर काम करावयाचे ते घरच्या माणसांनी. आपली बोली अशुद्ध आहे, ती मुलाच्या शिक्षणाच्या आड येईल, या भीतीने पुष्कळ आईबाप लेकराशी मोडकीतोडकी हिंदी किंवा त्याहून मोडकी इंग्रजी बोलू लागतात. त्यांनी तसे करू नये. तीन वर्षांच्या मुलाला जितके शब्द, जितक्या गोष्टी आणि जितके प्रश्न घरच्या भाषेत मिळतील, तितकी त्याची पुढची प्रत्येक भाषा बळकट होते, कारण गोष्ट म्हणजे काय, कारण म्हणजे काय, काल आणि उद्या म्हणजे काय, हे त्याला एकदाच शिकावे लागते. आजीने डोळ्याला ‘डोया’ आणि पोळ्याला ‘पोया’ म्हटले तरी बिघडत नाही. ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला’ आणि ‘तुला’ नंतर सहज येते, परंतु बोलण्याचे धाडस एकदा मोडले म्हणजे ते जोडणे कठीण.

अंगणवाडीच्या कार्यकर्तीने मूल दाखल होताना आईशी दहा मिनिटे बसून चार गोष्टी वहीत लिहाव्यात : घरात कोण कोणती भाषा बोलतो, मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात, त्याला कोणते गाणे वा गोष्ट आवडते, आणि त्याचे ऐकणे-पाहणे-बोलणे यांत आईला काही वेगळे जाणवते काय. छिंदवाड्याकडून आलेल्या एखाद्या कुटुंबाची भाषा गोंडी असू शकते, हेही येथेच कळेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित आहे. ते आले म्हणजे हीच वही त्यांच्यापुढे ठेवावी, आणि जे आढळेल ते त्याच पानावर लिहून घ्यावे. वाचता न येणाऱ्या मुलांपैकी काहींना केवळ फळा दिसत नसतो. ही गोष्ट तिसरीत कळण्यापेक्षा चौथ्या वर्षी कळणे किती हिताचे, हे सांगावयास नको.

दुसरा सांधा : अंगणवाडी आणि शाळा

येथे माझ्या सूचनेचा गाभा आहे. मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक वर्ष एप्रिलपासून धरले जाते; म्हणून फेब्रुवारी संपण्यापूर्वी कार्यकर्तीने त्या वर्षी सहा वर्षे पुरी करणाऱ्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येकाचे एक पान तयार करावे. त्या पानावर गुण किंवा श्रेणी लिहू नयेत. मूल पाच-सहा वाक्यांत एखादा प्रसंग सांगू शकते काय. ‘कावळा’ आणि ‘कासव’ यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो हे त्याला ऐकून ओळखता येते काय. आपले नाव लिहिलेले ओळखते काय. दहापर्यंतच्या वस्तू मोजून देऊ शकते काय. ते इतरांबरोबर खेळते की बाजूला बसते. एवढे साध्या मराठीत लिहावे. मार्चमध्ये एका ठरलेल्या दिवशी पहिलीच्या शिक्षकाने अंगणवाडीत यावे, मुलांबरोबर तासभर बसावे, पाने वाचावीत, आणि मग कार्यकर्तीने ‘दिले’ व शिक्षकाने ‘घेतले’ म्हणून सह्या कराव्यात. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. लांब असेल तर एका दिवसाचे.

महाराष्ट्राने २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरविले, त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दाखल होणारी मुले आईबापांसह शाळेत येतात, निरनिराळ्या मेजांवर उड्या मारण्यापासून वस्तूंची वर्गवारी करण्यापर्यंतचे खेळ खेळतात, आणि मुलाला काय जमते हे आईच्या देखत टिपले जाते. मग सुट्टीच्या दिवसांत शेजारच्या आयांचे गट करून घरच्या घरी करावयाचे खेळ त्यांच्या हाती दिले जातात, आणि शाळा उघडल्यावर पुन्हा मेळावा भरतो. यात सर्वांत मोलाची वस्तू आहे ती मातांचा गट. कारण एप्रिल ते जून या तापलेल्या महिन्यांत अंगणवाडीचा संबंध सुटत आलेला आणि शाळेचा नीट जडलेला नसतो, आणि नेमके तेव्हाच लेकरू विसरते. सावरगावात हा मेळावा भरविण्यास वरून हुकूम येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेची संमती आणि एक मोकळी सकाळ एवढे पुरे आहे.

शाळा उघडली म्हणजे पहिले तीन महिने विद्याप्रवेश हा खेळाधारित कार्यक्रम असतो. तो उरकून टाकून लवकर धडे सुरू करण्याचा मोह शिक्षकांना आणि पालकांना दोघांनाही होतो, तो आवरावा. या बारा आठवड्यांत अंगणवाडीची कार्यकर्ती पंधरवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात येऊन तिथे एक ओळखीचे गाणे म्हणू शकली, तर दोन खात्यांमधील अंतर मुलाच्या दृष्टीने त्या गाण्याएवढेच उरेल.

तिसरा सांधा : मराठी आणि हिंदी

मराठी घरच्या मुलाला हिंदी पुस्तक देताना शिक्षकाने दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, देवनागरी दोघींची समान असल्यामुळे अक्षरओळखीचे श्रम एकदाच पडतात. नाक, कान, घर, नदी, गाय, बैल, मामा, बाजार हे शब्द दोन्ही भाषांत तेच आणि मुलाच्या अंगणातले आहेत. म्हणून वर्णमाला क्रमाने घोकून घेण्यापेक्षा न, क, म, ल, घ, र, ग, य अशी थोडी अक्षरे आणि काना, वेलांटी घेऊन त्यांतून असे सामाईक शब्द घडवावेत, आणि ते वाचता आले की पुढचा अक्षरगट घ्यावा. मुलाला वाचण्याचा पहिला आनंद ओळखीच्या शब्दांतून मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, जे शब्द सारखे दिसतात ते सारे सारखे नसतात. मराठीत ‘आई’ म्हणजे जन्मदात्री, हिंदीत ते येण्याच्या क्रियेचे रूप. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाशी, हिंदीत रिकामे. मराठीत ‘ताई’ थोरली बहीण, हिंदीत थोरल्या काकांची पत्नी. आणि ज्या शब्दाने हिंदीत शिक्षणाचा बोध होतो, तो ‘शिक्षा’ शब्द मराठी मुलाच्या कानी दंडाचा अर्थ घेऊन येतो. ‘पुस्तक’ मराठीत नपुंसकलिंगी आहे आणि हिंदीत स्त्रीलिंगी. ‘चाक’ या शब्दातील मराठी च आणि ‘चाचा’ या शब्दातील हिंदी च यांचे उच्चार वेगळे असून लिहिण्यात भेद नाही. ‘बाळ’, ‘फळा’, ‘माळ’ यांतील ळ हिंदीच्या वर्णमालेत त्याला भेटणार नाही. शिक्षकाने अशा जोड्यांचा एक तक्ता भिंतीवर लावावा, आणि मूल चुकले तर ‘चूक’ असे न म्हणता ‘हे मराठीत बरोबर, हिंदीत असे’ एवढेच सांगावे. त्याने त्याला दोन्ही भाषा स्वच्छ दिसू लागतील.

मोजमाप करतानाही हा विवेक हवा. निपुणच्या ध्येयानुसार तिसरीअखेर मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द अर्थासह वाचावेत. एखादे मूल हिंदी उतारा अडखळत वाचते आणि विचारलेल्या प्रश्नांना गप्प राहते, तेव्हा त्याला वाचता येत नाही, असे एकदम लिहून टाकू नये; तोच प्रश्न मराठीत विचारावा, आणि तसाच एक उतारा मराठीत वाचावयास द्यावा. मराठी उतारा ओघाने वाचणाऱ्या मुलाला हिंदीच्या संभाषणाची गरज आहे. दोन्ही उताऱ्यांत अडखळणाऱ्याला अक्षरांच्या सरावाची. आणि ओघाने वाचूनही कशाचाच अर्थ न सांगणाऱ्याला गोष्टींची व गप्पांची. तिघांना एकच औषध देणे हा अन्याय आहे. प्रथम या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून चालणाऱ्या ‘असर’ पाहणीचे अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असे चार पायऱ्यांचे एका कागदाचे साधन दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. कोणत्याही पालकाला ते दहा मिनिटांत वापरता येते.

चौथा सांधा : राज्य आणि राज्य

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत; त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याच्या पुष्कळ मुलांचे जन्म सीमेपलीकडे नोंदले जातात, आणि पुढे येथे समग्र क्रमांक काढताना दाखल्यावरील नाव, आडनाव वा तारीख यांत तफावत निघते. हे काम मूल तीन वर्षांचे असतानाच उरकावे. जन्माच्या दाखल्याची मूळ प्रत आणावी, नाव सर्व कागदांवर एकाच शुद्धलेखनाने लिहून घ्यावे. तोवर अडवणूक झाली, तर शिक्षणहक्क कायद्याचा हवाला देऊन प्रवेश आधी व कागद नंतर, असा लेखी अर्ज करावा, आणि त्याची पोच घ्यावी.

मराठी शिक्षक वा मराठी विषयाची सोय मागावयाची असेल, तर भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण-योजनेत सांगितलेली आगाऊ नोंदणीची पद्धत वापरावी : सत्र सुरू होण्यापूर्वी ज्या पालकांना मराठी हवी आहे त्यांची नावे, मुलांचे वय, वर्ग आणि सह्या यांची यादी करून मुख्याध्यापकांकडे रुजू करावी, आणि प्रती परिसरातील शाळांच्या समूहाचे काम पाहणाऱ्या जनशिक्षा केंद्राकडे व जिल्ह्याच्या कचेरीत पाठवाव्यात. भावना कितीही तीव्र असली तरी कचेरीला आकडा लागतो. दहांची आणि चाळिसांची यादी समोर असली म्हणजे अर्जाला उत्तर देणे भाग पडते. पुस्तकांची अडचण तर आज राहिलीच नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात, दीक्षा या राष्ट्रीय मंचावर दोन्ही भाषांतील साहित्य आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांच्या मराठी-हिंदी गोष्टी छापून वाटण्याचीही मुभा आहे.

शिक्षकांसाठी माझी सूचना अशी की, मध्य प्रदेशातील जनशिक्षा केंद्राच्या मासिक बैठकीस आणि महाराष्ट्रातील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस दोन्ही बाजूंच्या दोन-दोन शिक्षकांनी तिमाहीतून एकदा एकमेकांकडे पाहुणे म्हणून जावे, त्यासाठी रीतसर परवानगी मागावी, आणि परत आल्यावर एक पानाचे टिपण लिहावे. राज्यांच्या पातळीवर विचार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याने ज्या क्षेत्रीय परिषदा निर्माण केल्या, त्यांच्या विषयांत भाषिक अल्पसंख्याकांचा प्रश्न स्पष्टपणे नमूद आहे; मध्य प्रदेश मध्य क्षेत्रात आणि महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रात असले, तरी दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद त्याच कायद्यात आहे. सीमेवरच्या बालशिक्षणाचा विषय त्या बैठकीपुढे जाण्यासारखा आहे.

हे होऊ शकते याचा दाखला

ब्राझील देशातील सिआरा हे राज्य श्रीमंत नाही. तेथे प्राथमिक शाळा नगरपालिकांच्या ताब्यात आणि राज्याचे शिक्षणखाते वेगळे, अशी आपल्यासारखीच वाटणी होती. सोब्राल या नगरीने आधी स्वतःच्या शाळांत मुलांना वेळेवर वाचते केले, आणि मग २००७ मध्ये राज्याने योग्य वयात साक्षरता या नावाची योजना काढून सर्व १८४ नगरपालिकांशी करार केले. राज्याने पुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलांची चाचणी पुरवावी. नगरपालिकेने शाळा चालवावी. आणि राज्याच्या करातील वाटा ठरविताना मुले किती शिकली हेही पाहावे, अशी ती व्यवस्था होती. कोणी काय द्यावयाचे आणि कोणी काय घ्यावयाचे हे तेथे लेखी होते, आणि प्रत्येक करारावर दोन पक्षांच्या सह्या होत्या. पुढे त्या देशाने तोच नमुना राष्ट्रभर घेतला. एका नगरीचा प्रयोग राज्याचा झाला आणि राज्याचा देशाचा. वाट खालून वर गेली.

वर्षाची आखणी

वाचकांच्या सोयीसाठी वर्षाचा क्रम थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत मुलांची पाने आणि पालकांची आगाऊ यादी. मार्चमध्ये अंगणवाडीत देवघेव आणि सह्या. एप्रिलमध्ये तयारीचा मेळावा आणि मातांचे गट. जूनपासून बारा आठवडे विद्याप्रवेश. श्रावण सरता सरता पोळा येतो, आणि तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या आठवड्यात बैल, घंटा, झूल, तोरण, नदी या शब्दांची एक छोटी पुस्तिका मुलांच्या चित्रांनी वर्गातच तयार करावी, डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर हिंदी. दिवाळीनंतर दोन्ही भाषांत वाचनाची चार पायऱ्यांची तपासणी, आणि तिचा निकाल शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत, मुलांची नावे न घेता, इतिवृत्तात. डिसेंबर-जानेवारीत, आंबिया बहाराची संत्री उतरून घरच्या माणसांना थोडी उसंत मिळाली म्हणजे, मागे पडलेल्या मुलांसाठी रोज तासभराचा गट. मग पुन्हा फेब्रुवारी.

यांतील एकाही कामाला नवा निधी लागत नाही. नवी नेमणूक लागत नाही. आणि बहुतेक कामांना नवा हुकूमही लागत नाही. लागते ती एक शंभर पानी वही, जिच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एका मुलाचे नाव असेल आणि तळाशी दोन सह्यांची जागा रिकामी ठेवलेली असेल. ती वही अंगणवाडीच्या कपाटात, आहाराच्या नोंदवहीच्या शेजारी ठेवावी. आणि ज्या मार्चमध्ये सावरगावचे मुख्याध्यापक आपल्या शाळेच्या घंटेची व तराजूची नोंद तपासतील, त्याच मार्चमध्ये पहिलीच्या शिक्षकाने पलीकडच्या अंगणवाडीत जाऊन, सतरंजीवर बसून, एकेका लेकराचे पान वाचावे, त्या लेकराकडे एकदा पाहावे, आणि ‘घेतले’ या शब्दाखाली आपले नाव लिहावे.